गट मोठा झाला, पण कामाचं बोलायला कुणीच नाही

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका खासगी कंपनीत काम करणारी डिझाइनर लिहिते. तिची कंपनी राज्य सरकारच्या एका विभागासाठी ऑनलाइन अर्जांची यंत्रणा बांधते आहे. चमूत डेव्हलपर, टेस्टर, मॅनेजर भरपूर आहेत, डिझाइनर ती एकटीच. वर्षापूर्वी तिने सरकारी सेवांवर काम करणाऱ्या डिझाइनरांचा व्हॉट्सअॅप गट काढला. आज त्यात १४० जण आहेत, पण तिथे येतात त्या नोकरीच्या जाहिराती, पोर्टफोलिओच्या लिंक आणि सणांच्या शुभेच्छा. एकदा कुणीतरी दुसऱ्या कंपनीने केलेल्या पोर्टलचा स्क्रीनशॉट टाकून टिंगल केली. ते काम केलेली मुलगी गटातच होती. ती न बोलता बाहेर पडली. मॅनेजर म्हणतात, गोपनीयतेचा करार आहे, बाहेर काही बोलायचं नाही. ओळखीचे एक अधिकारी म्हणाले, आधी संस्था नोंदवा, लेटरहेड आणा, मग विभाग दखल घेईल. तिचा प्रश्न असा : संस्था नोंदवू, शासनाची मान्यता मिळेपर्यंत थांबू, की गट बंद करू? शेवटी ती लिहिते, ‘आमचं एकेकट्याचं कुणी ऐकत नाही. एकत्र आलो तर ऐकतील असं वाटलं होतं.’

उत्तर :

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत. नोंदणी, मान्यता किंवा बंद. पण हे लोक एकत्र बसून नक्की काय करणार आहेत, याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. माझ्या मते तुमची अडचण इथेच आहे. गट माणसांभोवती उभा राहिला, कामाभोवती नाही. १४० जणांना एकत्र ठेवायला काहीतरी सामाईक लागतं. कामातलं सामाईक काही नसलं की उरतात शुभेच्छा आणि जाहिराती. त्यात तुमचा दोष नाही. बहुतेक व्यावसायिक गट असेच सुरू होतात आणि असेच थंडावतात.

या विषयावर ब्रिटनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून आधी त्याबद्दल. तिथे २०११ मध्ये सरकारची स्वतःची डिजिटल सेवा संस्था उभी राहिली आणि वेगवेगळ्या खात्यांतल्या डिझाइनरांचा एक समुदाय तयार झाला. २०१८ मध्ये त्यांनी सामाईक डिझाइन सिस्टिम, म्हणजे बटणं, रकाने असे तयार घटक आणि ते वापरण्याचे नियम, जाहीर केली. तिच्यातला शिकण्यासारखा भाग नवा घटक स्वीकारण्याच्या पद्धतीत आहे. एखाद्या खात्यातल्या डिझाइनरने पत्ता विचारण्याची नवी रीत सुचवली, तर आधी दोन गोष्टी पाहतात : ती अनेक सेवांना उपयोगी आहे का, आणि असंच काही आधीपासून आहे का. मग ती खऱ्या वापरकर्त्यांबरोबर तपासली आहे का, बाकीच्या घटकांशी जुळते का, वेगवेगळ्या सेवांत चालेल का, हे बघितलं जातं. निर्णय वेगवेगळ्या खात्यांतून आलेल्या लोकांचा छोटा गट देतो. म्हणजे माणसांना बांधणारी गोष्ट आहे ती एक जिवंत, वाढत जाणारी सामाईक वस्तू. सभासदसंख्येला तिथे फारसं महत्त्व नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. तिथले बरेच डिझाइनर सरकारी नोकरीत आहेत. आपल्याकडे ते बहुतांशी कंत्राटदार कंपन्यांत किंवा सल्लागार संस्थांत आहेत. कंत्राट संपलं की माणसं दुसऱ्या प्रकल्पावर जातात आणि शिकलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. पुढच्या निविदेतली नवी कंपनी तीच चूक पुन्हा करते. नवं पोर्टल येतं, आणि जन्मतारखेचं कॅलेंडर पुन्हा चालू वर्षावर उघडतं. साठ वर्षांच्या बाईंना १९६५ पर्यंत मागे जाताना महिन्यामागून महिना बोटाने सरकवत बसावं लागतं. ही गळती थांबवणं हे तुमच्या समुदायाचं खरं काम होऊ शकतं, आणि त्यासाठी १४० माणसं लागत नाहीत. सात-आठ पुरतात.

ही सात-आठ कोण? तुम्ही ‘डिझाइनर’ हे पद धरून माणसं जमवलीत. सरकारी सेवेचं डिझाइन करणाऱ्या अनेकांच्या पदनामात तो शब्द नसतो. अर्जावरच्या सूचना कुणी बिझनेस अॅनालिस्ट लिहितो. एसएमएसचा मजकूर शेवटच्या आठवड्यात डेव्हलपर लिहितो. कोणती कागदपत्रं मागायची हे शासन निर्णयात ठरतं, आणि तो मसुदा कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होतो. शिवाय दाखल्यांचे बरेचसे अर्ज नागरिक स्वतः भरतच नाहीत. आपले सरकार सेवा केंद्रातला चालक भरतो, नागरिक समोरच्या खुर्चीत बसून उत्तरं देतो. दिवसाला तेच अर्ज अनेकदा भरणाऱ्या त्या चालकाला तुमच्या यंत्रणेतला प्रत्येक खड्डा पाठ असतो. म्हणून आठ जणांत चार-पाच डिझाइनर, एक मजकूर लिहिणारी व्यक्ती, एक डेव्हलपर आणि एक केंद्रचालक अशी रचना करा. चालकाला दुकान सोडून यायला सांगू नका. त्याच्या सोयीच्या वेळी फोनवर अर्धा तास मागा, आणि शक्य असेल तर त्या वेळेचे पैसे द्या. त्याचं उत्पन्न अर्जांच्या संख्येवर चालतं. त्याचा अर्धा तास फुकट नसतो.

त्याच्याकडे जाऊन बसायचं असेल तर महिना नीट निवडा. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांची रांग लागते. तेव्हा कुणालाही तुमच्याशी बोलायला सवड नसते. मार्चअखेर टाळा. निवडणुकीचा काळ टाळा, कारण महसूल यंत्रणा तिकडे गुंतलेली असते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा.

आता गोपनीयता. मॅनेजरांचं म्हणणं उडवून लावू नका, पण ते आहे तसं मान्यही करू नका. करार वाचा. मनुष्यबळ विभागाकडून तुम्ही सही केलेली प्रत मागा आणि ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या बघा. अशा करारांत बहुधा लिहिलेलं असतं की आधीच सार्वजनिक असलेली माहिती त्या व्याख्येत येत नाही. तुमच्या करारात ते असेल तर बरंच मैदान मोकळं होतं. चालू पोर्टलचं लॉगिनपूर्वीचं पान कुणीही उघडू शकतं. छापील अर्जाचा नमुना, प्रसिद्ध झालेली निविदा, शासन निर्णय, हे सगळं लोकांसमोर आहे. यावर बोलता येतं. न झालेल्या कामाचे आराखडे, अधिकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार, सर्व्हरची रचना, सुरक्षेतल्या त्रुटी आणि नागरिकांचा कोणताही तपशील बाहेर आणायचा नाही. सुरक्षेतली त्रुटी सापडली तर ती गटात सांगायची नसते. तिचा मार्ग प्रकल्पप्रमुखाकडे जातो.

दाखवायचा स्क्रीन स्वच्छ कसा करायचा, यात चुका फार होतात, म्हणून तपशिलात सांगते. खऱ्या अर्जाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर काळी पट्टी ओढू नका. पीडीएफ किंवा सादरीकरणात पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो, आणि कापलेलं चित्रही फाइलमध्ये पूर्ण शिल्लक असू शकतं. चाचणीच्या यंत्रणेत खोटी माहिती भरून नवा स्क्रीनशॉट घ्या. खऱ्या आधार क्रमांकाची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, म्हणून नमुन्याचा बारा अंकी क्रमांक १ ने सुरू करा. मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात, तेव्हा तिथेही १ किंवा २ ने सुरुवात करा. यंत्रणा असे आकडे नाकारत असेल तर ते रकाने डिझाइनच्या फाइलमध्ये भरा. ब्राउझरची पत्त्याची पट्टी कापा, कारण तिच्यात अनेकदा अर्ज क्रमांक असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी एखाद्या विधवेच्या पेन्शनच्या अर्जावरचं नाव आठ अनोळखी लोकांनी पाहावं असं काही कारण नाही.

एवढं झालं की मॅनेजरांना एक ईमेल पाठवा. तोंडी परवानगी घेऊ नका, माणूस बदलला की ती संपते. ईमेलमध्ये लिहा : मी महिन्यातून एकदा कामाच्या वेळेबाहेर समव्यावसायिकांबरोबर दीड तास बसणार आहे. तिथे फक्त सार्वजनिक पानं आणि खोट्या माहितीचे नमुने दाखवेन. ग्राहक विभागाचं नाव, दर, वेळापत्रक यांविषयी बोलणार नाही. प्रत्येक बैठकीतून आपल्या प्रकल्पाला उपयोगी पडेल अशी एक टिपण आणून चमूला देईन. हरकत असेल तर कळवावं. पाचव्या वाक्याइतकंच चौथं महत्त्वाचं आहे. मॅनेजरांना भीती आहे की माहिती फक्त बाहेर जाईल. काहीतरी आत येतं आहे हे दोन-तीनदा दिसलं की तीच भीती कमी होते. आणि हरकत आलीच, तर ती लेखी मागा आणि तिच्यात नक्की काय वगळायचं आहे ते विचारा.

तुमच्या गटात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोक आहेत. हे पत्रात नाही, पण असणारच. त्यामुळे एक नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा : एखाद्या विभागाची निविदा निघाली की निकाल लागेपर्यंत त्या विभागाच्या कुठल्याही सेवेवर चर्चा बंद. दर, मनुष्यदिवसांचा अंदाज, कोण बोली लावणार, हे विषय कधीच नाहीत, चहाच्या वेळीही नाहीत. बोलीतल्या संगनमताला स्पर्धा अधिनियम, २००२ खाली बंदी आहे, आणि निरागस गप्पाही बाहेरून संगनमतासारख्या दिसू शकतात. सरकारी कर्मचारी सहभागी होणार असतील तर त्यांच्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. जाहीर लिखाण, माध्यमांत बोलणं, शासनाच्या धोरणावर टीका, यांवर त्यात बंधनं आहेत. त्यांचं नाव, फोटो, वाक्य त्यांच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नका. ‘आज आमच्या बैठकीला अमुक साहेब आले होते’ ही एक पोस्ट त्या साहेबांचं पुढचं येणं बंद करू शकते.

संस्था नोंदवण्याबद्दल माझं उत्तर आज तरी ‘नको’ असं आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते. मग दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, पदाधिकारी बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल, सभांची इतिवृत्तं, बँक खात्याच्या सह्या. हे करायला हरकत नाही, पण ते तेव्हा, जेव्हा पैसे येणार-जाणार असतील. देणगी घ्यायची आहे, कुणाला मानधनावर नेमायचं आहे, परिषद भरवायची आहे, असं ठोस कारण आलं की नोंदणी करा. आज तुमच्याकडे आठ माणसांचा वेळ आहे आणि तो सगळा घटना लिहिण्यात आणि अध्यक्ष कोण यावर जाईल. खोलीसाठी पैसे लागत नाहीत. डिझाइन महाविद्यालयाचा वर्ग शनिवारी रिकामा असतो, आणि विद्यार्थ्यांना कोपऱ्यात बसून ऐकू दिलं तर प्राध्यापक आनंदाने देतात. नागपूरची, कोल्हापूरची माणसं असतील तर सरळ व्हिडिओ कॉलवर भेटा.

शासनाच्या मान्यतेची वाट पाहणंही असंच. मान्यता कशाला मागणार? ज्या गटाने अजून काही केलेलं नाही, त्याला अधिकारी काय म्हणून मान्यता देतील? हातात वापरण्याजोगं काही असेल तर संबंध आपोआप सुरू होतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा यूएक्स४जी हा उपक्रम आहे, त्यात सरकारी प्रकल्पांसाठी तयार घटक उपलब्ध आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तेव्हा बटणं आणि रंगांची आणखी एक नवी लायब्ररी करण्यात शक्ती घालवू नका. जे तयार आहे ते वापरा आणि त्याच्यात न मावणारं मराठीचं काम अंगावर घ्या. ते दिल्लीत बसून होणार नाही.

मराठीचं काम म्हणजे काय, तर पहिलं उदाहरण नावाचं घ्या. आधारवर आधी स्वतःचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आधी आडनाव, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, इंग्रजीत एकदा ‘दिपक’चं आणि एकदा ‘दीपक’चं स्पेलिंग. नावाचे तीन रकाने कोणत्या क्रमाने ठेवायचे, ‘वडिलांचे/पतीचे नाव’ असा एकच रकाना ठेवला की काय घोळ होतो, तफावत आढळली तर अर्ज लगेच अडवायचा की पुढे जाऊ देऊन पुरावा मागायचा, याचं उत्तर प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे शोधतो आहे. दुसरं उदाहरण लिपीचं. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात ‘र्‍हस्व’ किंवा ‘पूर्तता’ बसवलं की अक्षरांचा खालचा भाग कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नका. साडेतीनशे-तीनशेसाठ पिक्सेल रुंदीच्या स्वस्त फोनवर ‘उत्पन्न प्रमाणपत्रासाठी अर्ज करा’ हे बटण दोन ओळींत जाणारच, तशी जागा आधीच ठेवा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. ती इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मजकूर चुकीच्या आवाजात वाचतो किंवा गाळतो, आणि काही फॉन्ट मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ न दाखवता हिंदी वळणाचा दाखवतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर अर्जात चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात. कार्यालयांत अशा फाइली अजून आहेत. सुगम्यतेबद्दल, म्हणजे अपंगांनाही सेवा वापरता येण्याबद्दल, विभागात कुणी ‘नंतर बघू’ म्हणालं, तर ३० एप्रिल २०२५ च्या निकालाची आठवण करून द्या : डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पण सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांसाठी एकच विषय घ्या. माझी शिफारस : कागदपत्र अपलोड करण्याची पायरी. ती जवळजवळ प्रत्येक सेवेत आहे, तिच्यात गुपित काही नाही, आणि तिथे बरेच अर्ज अडखळतात.

का अडखळतात तेही बघा. फोनने काढलेला फोटो सहज तीन ते पाच एमबीचा असतो. पोर्टल मात्र काहीशे केबीची मर्यादा घालतं. ती मर्यादा कधी काळी सर्व्हरवरची जागा वाचवायला ठरलेली असते आणि नंतर कुणी विचारत नाही. नागरिक चित्र लहान करायला कुठलंतरी अॅप उतरवतो. त्यात अक्षरं फुटतात. अपलोड होतं, पोर्टल हिरवी खूण दाखवतं. आठ दिवसांनी लिपिक उघडतो, तर शिक्का वाचता येत नाही. अर्ज त्रुटी काढून परत जातो. नागरिकाला संदेश जातो, ‘आपल्या अर्जात त्रुटी आहे. कृपया पूर्तता करावी.’ कोणत्या कागदात, कसली त्रुटी, कधीपर्यंत, काही नाही. तो पुन्हा केंद्रावर जातो, मजुरी बुडते, पुन्हा पैसे देतो. यावरचे उपाय माहीत आहेत : फोटो फोनमध्येच आपोआप लहान करणं, पाठवण्याआधी मोठा करून दाखवणं आणि ‘शिक्का व तारीख वाचता येते का?’ असं विचारणं, सातबारासारख्या लांब कागदाची दोन पानं घेण्याची सोय, डिजिलॉकरमध्ये असलेला कागद पुन्हा न मागणं. शिवाय त्रुटीचा संदेश असा हवा : ‘रहिवासी पुराव्याचा फोटो अस्पष्ट आहे. फक्त तेवढा फोटो १५ तारखेपर्यंत पुन्हा पाठवा. बाकी अर्ज तसाच राहील.’ पण यातला कोणता उपाय कोणत्या सेवेत चालला, जुन्या अँड्रॉइडवर काय बंद पडलं, लिपिकाच्या पडद्यावर काय बदलावं लागलं, हे आज प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळं पडून आहे. तेच एका जागी आणायचं.

यासाठी एका पानाचा साचा ठरवा आणि त्याबाहेर जाऊ नका. अडचण काय. ती कोणत्या प्रकारच्या सेवेत दिसली (विभागाचं नाव नको). काय करून पाहिलं, चित्रासह. किती लोकांबरोबर, कोणत्या फोनवर, कोण भरत होतं, नागरिक की चालक. काय चाललं नाही. तारीख. ‘काय चाललं नाही’ हा रकाना रिकामा असेल तर पान स्वीकारू नका. पुढच्या माणसाचे महिने वाचतात ते याच रकान्यामुळे. तपासणी मोठी नको, पाच माणसं पुरेत, पण त्यांत एक तरी साठीच्या पुढची आणि एक तरी कमी दिसणारी असू द्या. अशी बारा पानं झाली की तुमच्याकडे नव्या कंत्राटदाराला पहिल्या दिवशी देण्यासारखं काही असेल.

बैठक महिन्यातून एकदा, दीड तासाची, भिशीसारखी चालवा : प्रत्येकाचा नंबर लागतो आणि नुसतं घ्यायला येणारा फार दिवस टिकत नाही. एका बैठकीत दोनच कामं, प्रत्येकी ३५ मिनिटं. उरलेल्या वेळात कोण काय लिहून देणार ते ठरवा. दाखवणाऱ्याने आदल्या दिवशी तीन ओळी पाठवायच्या : हे कोण वापरतं, मी कुठे अडकले आहे, मला कशाबद्दल मत हवं आहे. सुरुवातीची पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने स्वतःचं मत लिहायचं. असं केलं नाही तर सर्वांत अनुभवी माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग बोलण्याची सुरुवात डिझाइनर नसलेल्या व्यक्तीकडून. दुसऱ्याचं काम आणून त्यावर बोलायचं नाही, स्वतःचंच आणायचं. तुमच्या गटातली ती मुलगी निघून गेली, तो प्रसंग या एका नियमाने टळला असता. वाईट दिसणाऱ्या सरकारी पडद्यामागे बहुधा कुणीतरी चार चांगले पर्याय दिलेले असतात आणि ते का नाकारले गेले हे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. तिला तुम्ही स्वतः फोन करा. गटाच्या वतीने माफी मागा आणि आठ जणांत पहिलं नाव तिचं घ्या. ती ‘नको’ म्हणाली तर आग्रह करू नका.

निमंत्रकाचं काम दोघांकडे द्या, दोन वेगळ्या कंपन्यांतल्या, आणि दर चार महिन्यांनी बदला. तुम्हीच कायम राहिलात तर तुमची नोकरी बदलली की सगळं थांबेल, आणि वर्षभर गट एकटीने ओढून तुम्ही दमला आहात हे पत्रात दिसतं आहे.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य, एकत्र आलो तर ऐकतील. मला वाटतं इथेही एक गृहीतक तपासायला हवं. अधिकारी ऐकत नाहीत याचं कारण तुम्ही एकट्या आहात हे नसेल. ‘वापरकर्त्याचा अनुभव’ या भाषेत बोललेलं त्यांच्या कामाला कुठे लागू होतं हे त्यांना दिसत नसेल. त्यांच्या टेबलावर वेगळे प्रश्न असतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवेला मुदत असते, मुदत चुकली की अपील येतं आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. प्रलंबित अर्जांची यादी आढावा बैठकीत वाचली जाते. तुमचा मुद्दा त्या यादीला जोडा.

तो असा. विभागातल्या एका लिपिकाला किंवा अव्वल कारकुनाला विनंती करा की त्रुटी काढून परत पाठवलेल्या शेवटच्या १०० अर्जांची फक्त कारणं मोजू द्या, नावं-क्रमांक काही नको. सहा रकाने पुरतात : अस्पष्ट प्रत, चुकीचं कागदपत्र, नावात तफावत, मुदत संपलेला दाखला, अपुरी माहिती, इतर. यंत्रणेतून यादी काढायची परवानगी नसेल तर दहा दिवस त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवा आणि प्रत्येक परतीला एक रेघ मारायला सांगा. ही परवानगी तुमच्या प्रकल्पप्रमुखामार्फतच घ्या, परस्पर नको. मग अधिकाऱ्यांसमोर नवं डिझाइन घेऊन जाऊ नका, तो कागद घेऊन जा. ‘शंभरातले इतके अर्ज केवळ फोटो वाचता येत नाही म्हणून परत गेले, प्रत्येक अर्ज आपल्या लिपिकाने दोनदा उघडला’ हे वाक्य त्यांच्याच कार्यालयाचं आहे. त्याला जोडून एकच बदल मागा, दोन आठवड्यांत होणारा : बहुधा तो संदेशातल्या शब्दांचा असेल, कारण त्याला ना नवा खर्च लागतो ना करारात बदल. एका महिन्यानंतर पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर तेही तसंच सांगा. पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर विश्वास बसेल तो त्यामुळेच.

ही मोजणी तुमच्या समुदायातल्या तिघांनी तीन वेगळ्या विभागांत केली, तर तुम्हाला हवं असलेलं ‘एकत्र’ तयार झालेलं असेल, लेटरहेडशिवाय.

जुन्या गटाचं काय करायचं? बंद करू नका. फक्त निमंत्रकच संदेश टाकू शकतील अशी सेटिंग बदला, महिन्याला एकच संदेश टाका : या महिन्याचं नवं पान आणि पुढच्या बैठकीची तारीख. नोकऱ्यांसाठी वेगळा गट काढून ज्यांना हवा त्यांना तिकडे जाऊ द्या. त्यांची गरजही खरी आहे. आठ जणांना बोलावताना सगळ्यांना एक सामाईक संदेश टाकू नका, एकेकाला स्वतंत्र लिहा, आणि ‘समुदायात सामील व्हा’ असं न म्हणता असं विचारा : ‘अपलोडच्या पायरीवर तुमच्याकडे काय अडतं? येत्या महिन्यात एका शनिवारी एक स्क्रीन घेऊन दीड तास याल का?’ ज्यांच्याकडून स्क्रीनबद्दल उलट प्रश्न येतील, ती तुमची माणसं. सहा बैठकांनंतर लागोपाठ दोनदा कुणीच काम आणलं नाही, तर तेव्हा थांबायचं की नाही ते आठ जणांनी मिळून ठरवा. झालेली पानं मात्र सर्वांना उघडता येतील अशा जागी, निमंत्रकाच्या खासगी ड्राइव्हबाहेर, पहिल्या महिन्यापासूनच ठेवा.